रेकॉर्डर बंद झाल्यावर

मॅडम, काल ईशा आली होती. तुमची विद्यार्थिनी, तुमच्यामागे तुमचं पुस्तक पुरं करायचं जिने अंगावर घेतलंय ती. सोफ्यावर बसली, सरबत अर्धं प्यायली आणि म्हणाली, "आंटी, दिलबरच्या इंटरव्ह्यूमध्ये शेवटी मॅडम म्हणतात, 'ठीक आहे, बंद करते.' आफ्टर दॅट नथिंग. तुम्ही होतात ना तिथे? पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "चहा झाला."

ती हसली नाही. तुम्ही हसला असतात.

तुमच्या दाराला अजून कुलूप आहे. तुमचे भाऊ आले, तुम्हाला विमानाने पुण्याला घेऊन गेले. लिफ्टपर्यंत मी आले होते. त्यांना माझं नावही माहीत नसणार. समोरच्या फ्लॅटमधली बाई, एवढंच. मला त्यांना सांगायचं होतं की तुम्हाला चहात साखर चालत नाही पण गूळ चालतो. त्या वेळी ते सांगून काय उपयोग होता? पण तोंडात दुसरं काही येईना. ते वाक्य घेऊनच मी घरात आले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं राहिलंय असं वाटत राहतं, म्हणून हे लिहितेय. माझी नात विचारून गेली, "दादी, हू आर यू रायटिंग टू?" मी म्हटलं, समोरच्या मॅडमना. ती थोडा वेळ उभी राहिली आणि "ओके" म्हणून निघून गेली.

माझी शाळा चौथीपर्यंतची, माझं लिहिणं तुम्ही पाहिलंय. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतात. तुम्ही कधी खोडल्या नाहीत, म्हणूनच लिहायचा धीर होतोय.

पहिल्यांदा तुम्ही मला देऱ्याला चला म्हणालात तेव्हा मला वाटलं, खरेदीला. टॅक्सीत कळलं की उझबेकिस्तान, किर्गिझस्तान अशा देशांतून इकडे आखातात कामाला आलेल्या बायकांना तुम्हाला प्रश्न विचारायचेत. तो सगळा मुलूख आधी रशियावाल्यांच्या एका मोठ्या राज्यात होता, ते राज्य मोडलं, मग बायका पोटासाठी बाहेर पडल्या, हे तुम्ही मला पुलावर ट्रॅफिक तुंबला होता तेवढ्यात समजावलंत. मी विचारलं, "मग माझं काय काम?"

"मी एकटी गेले की दार अर्धंच उघडतं, हमीदाबाय. प्रश्न विचारणारी एकटी बाई म्हणजे कुणीतरी पाठवलेली बाई. तुम्ही सोबत असलात की वाटतं, पाहुण्या आल्यात."

मी लाजरी. मुलगा म्हणतो, अम्मी लिफ्टमध्येसुद्धा बटन विचारून दाबते. तरी तुम्ही म्हणालात म्हणून आले. ओढणी नीट घेतली, नारळाच्या वड्यांचा डबा मांडीवर घेतला.

वाटेत तुम्ही मला दोन शब्द सांगितलेत. तुमची जुनी फजिती सांगत होतात. रशियनमध्ये 'अप्रोस' म्हणजे विचारपूस आणि 'दप्रोस' म्हणजे पोलिसातली उलटतपासणी. तरुणपणी ताश्कंदला शिकायला होतात तेव्हा एका म्हाताऱ्या मास्तरांना तुम्ही घाईत म्हणालात, तुमचा दप्रोस घ्यायला आलेय, आणि ते बिचारे कोट घालून, पिशवी भरून चालायला तयार होऊन बसले. तुम्ही हसत सांगितलंत. मी पण हसले. आणि दोन्ही शब्द डोक्यात ठेवले, त्यातच घोळ झाला.

तुम्ही जिना चढताना मागे राहिलात, गुडघा धरला होता ना. बेल मी वाजवली. दार उघडलं ते सोन्याच्या दातांच्या एका भल्या थोरल्या बाईने. पुढे तिला आपण झुल्फियाखाला म्हणायला लागलो. तिने मला वरून खाली पाहिलं. मला वाटलं, तुम्ही येईपर्यंत आपण जरा ओळख करून द्यावी.

"मॅडम आ रही है," मी म्हटलं, "दप्रोस करने के लिए."

"न्येत!" झुल्फियाखाला ओरडली आणि दार असं आपटलं की माझ्या हातातला डबा हलला.

तुम्ही पायरीवर बसून पोट धरून हसत होतात. डोळ्यांतून पाणी. मला तिथून पळून जायचं होतं. मग दार परत उघडलं. दिलबर होती, गळ्यात शिंप्याची टेप, केसांत दोऱ्याचे तुकडे. तिला हिंदी येत होतं, अर्धं सिनेमे बघून आणि अर्धं देऱ्यातल्या दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे दुरुस्त करता करता शिकलेली. ती मला म्हणाली, "पोलीस में अब ऐसी आपा भी रखते हैं? डब्बे में क्या है, हथकड़ी?"

"वड्या," मी म्हटलं.

"तो गिरफ्तार कर लो," ती म्हणाली आणि आपल्याला आत घेतलं.

तिच्या भाषेतही मोठ्या बहिणीला 'ओपा' म्हणतात, तुम्ही मागून सांगितलंत. मला ते सांगायची गरज नव्हती. तिने हाक मारली तेव्हाच मला वाटलं, रत्नागिरीतून कुणीतरी बोलावलं.

तुमचं काम मला वाटलं होतं तसं नव्हतं. मला वाटलं, विचारायचं, त्या सांगतील, लिहून घ्यायचं. पण अर्धा वेळ तर त्याच तुम्हाला विचारायच्या. नवरा आहे का, नाही तर का नाही, मुलं किती, या कामाचे पैसे कोण देतं, कुणी पाठवलं. 'कुणी पाठवलं' हे प्रत्येक घरात. तुम्ही कंटाळला नाहीत. एकेका बाईला तब्येत, आईची तब्येत, गावाकडची हवा, सगळं दोनदोनदा विचारून झाल्याशिवाय तुमचा पहिला प्रश्न निघायचा नाही. रोटी हाताने मोडायची, सुरी लावायची नाही, उपडी ठेवायची नाही. जेवल्याशिवाय रेकॉर्डर बाहेर काढायचा नाही.

आणि कागद. विद्यापीठाचा तो सहीचा कागद तुम्ही पुढे केलात की खोलीतली हवाच बदलायची. बाया हात मांडीखाली घ्यायच्या. तुम्ही म्हणायचात, "यांच्या सहीने यांच्यावर इतकं काही आलंय, की सही मागणं म्हणजे धमकीच. आणि तिकडे ऑफिसातले म्हणतात, सही नसेल तर ती मुलाखतच नाही." मग तुम्ही भांडून परवानगी आणलीत, की बाईने तोंडी हो म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी घरी येऊन मला म्हणालात, "हबीबी, जिंकलो." तुमच्या तोंडात हबीबी कधी शोभला नाही.

रेकॉर्डर लागला की त्या सगळ्या सरळ बसायच्या. 'मी' म्हणायच्या नाहीत, 'आम्ही' म्हणायच्या. आम्ही चांगलं राहतो. आमच्याकडे शाळा चांगल्या होत्या. तुम्ही रशियनमध्ये विचारलं की आणखीच सरळ, जसं साहेबासमोर. आणि काहीही विचारलं, पगार, आजारपण, घर सोडणं, तरी एकच उत्तर यायचं, 'नर्माल्ना'. मी पहिल्या दिवशी टॅक्सीत म्हटलं, "बरं झालं, सगळ्याजणी बऱ्या आहेत." तुम्ही म्हणालात, "नर्माल्ना म्हणजे बरं नव्हे. नर्माल्ना म्हणजे पुढे विचारू नका."

एकदा तुम्ही रेकॉर्डर माझ्यासमोर ठेवलात. गंमत म्हणून. लग्न कसं झालं, इकडे कशी आलात, मालक गेल्यावर कसं निभावलंत. मी सगळ्याला म्हटलं, बरं चाललंय. तुम्ही बटन बंद केलंत आणि म्हणालात, "हे तर अस्सल मराठी नर्माल्ना!" मग नुसतं "आणि मग?" म्हणून गप्प बसलात. किती वेळ गप्प बसलात. मी काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. एवढं आठवतं, की घरी आले तेव्हा खांदे हलके झाले होते आणि भात करपला होता. मला आयुष्यात कुणी 'आणि मग?' विचारलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आता दिलबरचं.

तुम्हाला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी मला एकदा नीट मांडायचंय. झुल्फियाखाला बाहेर टीव्ही बघत होती. दिलबर रेकॉर्डरच्या मशीनवर शिकवल्यासारखं बोलली. शाळेत शिक्षिका होते, नोकरी चांगली होती, मग इकडे आले, नर्माल्ना. मग तीच म्हणाली, आता हे बंद करा. तुम्ही बंद केलंत. ती आपल्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि नळ सोडला. काही धुवायचं नव्हतं. नुसताच सोडला. तुम्ही मला डोळ्यांनी खुणावलंत, बोलू नका. नंतर सांगितलंत, त्यांच्याकडे जुन्या दिवसांत खरं बोलायची जागा स्वयंपाकघर आणि भिंतीला कान असतात म्हणून पाणी वाहतं ठेवायचं.

ती माझ्याकडे बघून हिंदीत बोलली. शरद ऋतूत शाळा बंद करून पोरांना कापूस वेचायला नेत. शिक्षकांनी सोबत राहायचं, पोरांकडून रोजचं वजन पुरं करून घ्यायचं. तिच्या वर्गातल्या एका मुलीला ताप आला, डोळे पिवळे झाले. दिलबरने वर सांगितलं, हिला घरी पाठवा. उत्तर आलं, वजन पुरं झाल्यावर. पाठवली तेव्हा उशीर झाला होता. मुलगी गेली. मग कागद आला, की ही मुलगी घरीच आजारी होती, शेतावर आलीच नव्हती. दिलबरची कूस तेव्हा भरलेली. नोकरी गेली असती. "मैंने साइन किया," ती म्हणाली. आणि नळ बंद केला.

तुम्ही गार झालेला चहा संपवलात. घरी आल्यावर, चपला पायात तशाच, म्हणालात, "हमीदाबाय, आज मला माझं सगळं पुस्तक मिळालं आणि ते मला लिहिता येणार नाही."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे काय, तुम्ही पन्नास वाक्यं बोलायचात आणि मी एक. माझं म्हणणं, ते तिने आपल्याला दिलं, पुस्तकाला नाही. मशीन बंद करायला लावलं ते कशाला मग? तुम्ही म्हणायचात, "पण मशीनवर काय आहे? नर्माल्ना. ते छापलं तर मीही तसलाच कागद लिहिला की! मुलगी शेतावर आलीच नव्हती!" मी भाजी निवडत राहायचे. मग तुम्हीच उलट बाजूने बोलायचात. तिला विचारावं म्हटलं तर ती घाबरेल, म्हणेल, यांनी लक्षात ठेवलं, आता लिहून घेतील, आता सही मागतील. परवानगी मागितली की दार कायमचं बंद. मी म्हणायचे, म्हणून तर विचारायचंही नाही. यावर मात्र आपलं एकमत झालं.

हॉस्पिटलमध्येसुद्धा तुम्ही ते काढलंत. नर्स सलाइन बदलत होती. तुम्ही म्हणालात, "तुझंच खरं असेल गं." पहिल्यांदा 'तू' म्हणालात. मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. तुम्ही हरला नव्हतात, दमला होतात. मला असं जिंकायचं नव्हतं. मला तुम्ही उठून बसून पन्नास वाक्यं बोलायला हव्या होतात. मी म्हटलं, "बरे व्हा, मग भांडू." तुम्ही म्हणालात, "इन्शाल्ला." तो शब्द मात्र तुम्हाला शोभला.

तर काल ईशा आली आणि मला विचारू लागली. तिचंही चूक नाही. ती म्हणाली, "आंटी, इतकं सगळं मॅडमनी केलं, आणि सगळ्यात इम्पॉर्टंट चॅप्टर असाच बंद पडलाय. तुम्ही नाही सांगितलं तर मी जे आहे ते छापीन. आय हॅव नो चॉइस." मी तिला म्हटलं, मला एक दिवस दे.

तुम्ही गेल्याचं दिलबरला कुणीच कळवलं नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. निदान तेवढं तरी मी करायला हवं होतं.

आज सकाळी मी एकटी देऱ्याला गेले. मुलगा म्हणाला, "अम्मी, एकटी? संध्याकाळी मी सोडतो ना." मी म्हटलं, संध्याकाळी माझा धीर जाईल. बसमध्ये खिडकीशी बसले. काय बोलायचं ते पाठ केलं. दुकानाच्या दारात सगळं विसरले. दिलबर एका काळ्या अबाया-झग्याची शिवण उसवत होती. माझ्या मागे बघून म्हणाली, "मैडम?"

मी मान हलवली.

तिने टेप गळ्यातून काढली, मालकाला काहीतरी सांगितलं आणि मला घरी घेऊन गेली. दोन्ही तळवे समोर धरून ओठांत पुटपुटली, तोंडावरून हात फिरवले. मीही माझी दुवा केली. मग ती कढई चढवू लागली. मी म्हटलं, मला भूक नाही. ती म्हणाली, "तुम्हारे लिए नहीं, आपा. मैडम के लिए." त्यांच्याकडे माणूस गेलं की पीठ लाटून तेलात तळतात. तो वास गेलेल्यापर्यंत पोचतो म्हणतात. मग ते शेजाऱ्यांना वाटायचं. मी लाटायला बसले. तिने तळलं. तुम्हाला वास आला का मॅडम? तेल जरा जास्त तापलं होतं.

पाठ फिरवूनच तिने विचारलं, "किताब में मेरा क्या लिखा?"

मी म्हटलं, "कुछ नहीं. मशीन पे जो बोला, उतना ही."

ती वळली. "और यहाँ जो बोला?"

"नहीं लिखा. मैडम ने नहीं लिखा. तुम घबराना नहीं."

मला वाटलं होतं, तिच्या तोंडावर सुटका दिसेल. तिचं तोंड उतरलं. झारा हातात तसाच. "कुछ नहीं? मैं बोली, वो सुनी, और कुछ नहीं? इतनी छोटी बात थी?"

"तुमने मशीन बंद करवाया था," मी म्हटलं.

"मशीन में आवाज़ रहती है, आपा! आवाज़ लोग पहचानते हैं. इसलिए बंद करवाया. लिखने को कब मना किया? मैं टीचर थी, वो प्रोफेसर. मुझे नहीं मालूम था क्या, वो किसलिए आती है? वड़ी खाने?"

मॅडम, आपण दोघी इतके महिने तिच्या वतीने भांडलो. तुम्ही तिची बाजू घेतलीत, मी पण तिचीच बाजू घेतली. तिला वाटत होतं, आपल्याला तिचं बोलणं लिहिण्याच्या लायकीचंच वाटलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. तुम्ही चपला न काढता काय म्हणालात ते, हॉस्पिटलमधलंही. ती ऐकत राहिली आणि तळणं जळलं. ते तिने बाजूला ठेवलं, दुसरं टाकलं. मग म्हणाली, लिहा. नाव बदला, दुकान बदला, मला शिंपीण नका म्हणू, काहीही म्हणा. "लेकिन लड़की का नाम मत बदलना."

मी म्हटलं, "सबका नाम बदलते हैं, दिलबर. कायदा है."

"आपा, उस कागज़ पे सब झूठ था, सिर्फ नाम सच्चा था. अब सब सच लिखोगे और नाम झूठा?"

मी उरलेलं पीठ लाटायला घेतलं.

घरी येऊन ईशाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती रडली. तुमची आठवण येऊन असेल. मग डोळे पुसून तुमच्यासारखीच कडक झाली. "नाव नाही ठेवता येणार, आंटी. नाव ठेवलं की गाव सापडेल, शाळा सापडेल, मग दिलबर सापडेल. मॅडमनी पण नसतं ठेवलं." खरं आहे, नसतं ठेवलंत. तिने फोनवर पुस्तकाची पानं चाळली. मग म्हणाली, "अर्पणाचं पान अजून रिकामं आहे. मॅडमनी कुणाचंच नाव दिलं नव्हतं. तिथे फक्त नाव येऊ शकतं. नो गाव, नो स्टोरी. आत वेगळंच नाव असेल, कुणी जोडणार नाही."

आम्ही दिलबरला फोन लावला. ईशाने रशियनमध्ये समजावलं. तिचं रशियन तुमच्याएवढं नाही, मध्येच अडखळत होती. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मग दिलबरने मला मागितलं.

"आपा, वो पन्ना कहाँ होता है? पीछे?"

"नहीं," मी म्हटलं, "सबसे आगे. बाकी सबसे पहले."

"तो ठीक है," ती म्हणाली. "क्लास में भी वो आगे बैठती थी."

ईशा आत्ताच गेली. तुम्ही असतात तर या पानावरूनही आपलं भांडण झालं असतं. तुम्ही म्हणाला असतात, हमीदाबाय, हे नियमात बसतं की नाही मला बघावं लागेल. बघा. मी वाट बघते. पण पुस्तक येईल तेव्हा पहिल्या पानावर 'निगोराला' एवढंच असेल. लोक विचारतील, ही कोण? तुमचे पुण्याचे नातेवाईक विचारतील. कुणीतरी म्हणेल, मॅडमना मुलगी होती वाटतं, कधी बोलल्या नाहीत.

मला कुणी विचारलं, मुलगी होती का, तर मी नाही म्हणणार नाही.